अकोला ते अमरावती : सतरा मिनिटं

१

दोन गावांमधलं अंतर सांगून मी पोट भरते. हसू नका, खरंच सांगते. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी अमरावतीत घरी बसून इंटरनेटची पानं लिहिते. नाशिक ते नागपूर किती किलोमीटर, विमानानं किती वेळ. सुरत ते इंदूर किती, विमानानं किती वेळ. रोज चाळीस जोड्या. सरळ रेघेतलं अंतर कंपनीचं सॉफ्टवेअर काढतं, वेळही तेच काढतं. मी फक्त चौकटी भरायच्या आणि भोवती चार वाक्यं लिहायची. डोकं लावायचं काम नाही, आणि मला तेच बरं वाटतं.

जूनमधल्या एका मंगळवारी माझ्यापुढं जोडी आली : अकोला ते अमरावती.

मला हसूच फुटलं. अकोला माझं माहेर. एसटीनं जा, रेल्वेनं जा, गाडी काढून जा, दोन तासांच्या आसपास लागतात. आमच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून आता मुंबईचं विमान सुटतं ते ठीक, पण अकोल्याहून अमरावतीला विमानानं येईल असा येडा अजून जन्मायचाय. म्हणून ‘रोजची विमाने’ या चौकटीत मी शून्य टाकलं. पान पुढं सरकेना. पुन्हा शून्य टाकलं, पुन्हा लाल रेघ.

मी सौमित्रला फोन केला. तो आमचा साहेब, वयानं माझ्याहून लहान.

"अगं, ती चौकट शून्य घेत नाही," तो म्हणाला. "एक टाक आणि पुढे चल ना, प्रणाली. कोण वाचतंय?"

मी एक टाकलं. मग सुटण्याची वेळ मागितली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते, तेच टाकलं. पोचण्याची वेळ आपोआप भरली गेली. अकरा सत्तावन्न.

कणिक मळायची राहिली होती. मी पान पाठवून दिलं आणि उठले.

२

माझे बाबा, सूर्यभान, अकोल्याच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. माईकवर ‘दर्यापूर गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे’ असं सांगणारा आवाज त्यांचा. पण त्यांचा खरा जीव माईकमध्ये नव्हता, रजिस्टरमध्ये होता. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली. नोंद केलेली गाडी पुढं पोचल्याचं कळलं नाही, तर ड्यूटी संपली तरी हा माणूस खुर्ची सोडायचा नाही. "नोंद खुली हाये," म्हणायचे. आई डबा घेऊन स्टँडवर जायची.

घरीही तेच. मी नागपूरला होस्टेलवर होते तेव्हा पोचल्याबरोबर फोन करून वेळ सांगायची. याला आमच्या घरी ‘पोच देणं’ म्हणत. पोच येईस्तोवर बाबा जेवत नसत. एकदा मी मैत्रिणीबरोबर परस्पर सिनेमाला गेले, तर रात्रभर उपाशी. दुसऱ्या दिवशी काय बोलणी खाल्ली म्हणता!

आई, पंचफुला तिचं नाव, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा अकोल्यात एकटे, शिवणीच्या ओस पडलेल्या धावपट्टीजवळच्या घरात. मी तीन वर्षांपासून मागं लागले आहे : इकडं या. माझा नवरा प्रीतम धारणीकडच्या आश्रमशाळेत मास्तर आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. मलाही सोबत होईल. पण नाही. "तिकडं येऊन काय करू, पनू? तुया खिडकीतून एक गाडी दिसत नाई."

मार्चमध्ये ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. शेजारच्या करिश्मानं आवाज दिला म्हणून कळलं, तोवर दोन तास तसेच पडून होते. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला. रोज सकाळी फोन लावायचा आणि तिकडून ‘हॅलो’ येईपर्यंत श्वास धरून बसायचं.

३

तर त्या मंगळवारनंतरच्या बुधवारी दुपारच्या आधी बाबांचाच फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. मी घाबरूनच उचलला.

"पनू, आपल्या शिवणीहून इमान सुटलं अत्ता. अकरा चाळीस. कुठचं असन ते?"

"असेल कोणा मंत्र्याचं."

"मंत्र्याचं नाई. लाइनीची गाडी वाटते. टायमावर सुटलं." आवाजात पुष्कळ दिवसांनी तरतरी होती. "अमरावतीकडंच आलं. पाह्य बरं, किती वाजता पोचते ते. पोच दे मले."

मी हो म्हणाले. कालच्या चौकटी आठवल्या, पण योगायोग म्हणतात तो काही कुणी माझ्यासाठी वेगळा ठेवलेला नाही, सगळ्यांच्या वाट्याला येतो. गच्चीवर मुगाच्या वड्या घातल्या होत्या, त्या पाहायला वर गेले.

तर आवाज आला. पश्चिमेकडून. जेटचा नाही, बारीक, एकसुरी, शेजारच्या घरात कुणी पिठाची गिरणी लावावी तसा. डोक्यावरून पुढं गेला आणि संपला. आभाळ स्वच्छ होतं, एकही ढग नाही. मला कुठं काही दिसलं नाही. मोबाइलमध्ये पाहिलं. अकरा सत्तावन्न.

बेलोऱ्याकडं पोरं विमान चालवायला शिकतात, त्यांचं असेल. उन्हानं डोळे दिपले, म्हणून दिसलं नाही. मी बाबांना फोन करून वेळ सांगितली.

"सतरा मिन्टं," ते म्हणाले. "वा! एसटीले दोन तास लागते."

पलीकडून पेनाचा आवाज आला. वहीत लिहून घेत होते.

४

खरं सांगू का, ते पंधरा दिवस मला आवडले. बाबा रोज अकरा चाळीसला फोन करायचे, ‘सुटली’ म्हणायचे. मी गच्चीवर जायची, अकरा सत्तावन्नला ‘पोचली’ सांगायची. मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं. इतकं तर आई असतानाही आम्ही बोललो नव्हतो. करिश्मा म्हणाली, ताई, काका आजकाल दाढी करून बसतात सकाळी.

पण मी काही बुद्धी गहाण टाकलेली बाई नाही. विमान रोज येतं, मिनिटाचा फरक न पडता, आणि दिसत नाही. एके दिवशी मी तयारीनं गेले, डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडं पाहत बसले. आवाज आला. आभाळ कोरं. पण वड्यांच्या पांढऱ्या कापडावरून एक सावली सरकत गेली. लांबट, पंखांची, आणि फार हळू. इतकी हळू की माणूस तिच्याबरोबर चालत जाईल. मी मान वर केली तर नुसतं ऊन. सावली कठड्यावर चढली, पलीकडं उतरली, आणि आवाज थांबला.

मी खाली आले आणि सौमित्रला फोन लावला.

"ते अकोला-अमरावतीचं पान काढून टाक."

"का? काय चुकलं त्यात?"

"विमान नाही आहे ना रे तिथं!"

"बरं बाई, काढलं. चिडतेस कशाला?"

मी फोनवर असतानाच त्यानं काढलं. पान उघडेना झालं. मला मोकळं वाटलं, त्या दिवशी झोपही छान लागली. दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला फोन वाजला.

"सुटली," बाबा म्हणाले.

"बाबा, ती गाडी रद्द झाली."

"रद्द कशी होईन? मी रोज नोंद करून राहिलो, तू रोज पोच देऊन राहिली. आपल्या दोघाईच्या नोंदीवर चालू हाये ते." ते हसले. "कंट्रोलरनं टाइम देल्ला म्हंजे गाडी चालूच राह्यते बाप्पा."

मी त्या दिवशी पोच दिली नाही. दोन वाजता करिश्माचा फोन आला. काका जेवले नाहीत, म्हणतात नोंद खुली आहे. सत्तरीचा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. मी मुकाट फोन करून सांगितलं : अकरा सत्तावन्न.

५

मग बाबांना खटकायला लागलं ते वेगळंच.

"खाली जाते वो रोज," ते म्हणाले. "एक शीट नाई, एक मानूस नाई. मी कुंपनाच्या तारेपाशी जाऊन पाह्यलं. दार उघडं, शिडी लावलेली, अंदर सगळ्या सीटांवर पांढरे कव्हर. रिकामी गाडी पळवनं मले पटत नाई."

"तुम्ही तिथं काहून जाता? वॉचमन काही म्हणत नाही?"

"तो म्हनते इथं काहीच नाई, काका. डोये तपासून घ्या." बाबांना राग आला होता. "येवढं मोठ्ठं इमान याले दिसत नाई!"

मी शांतपणे बोलले. म्हटलं, बाबा, कोणत्याही गाडीत बसायचं नाही. मी रविवारी येते, आपण डॉक्टरकडं जाऊ. बसायचं नाही. माझी शपथ आहे.

"मी काहून बसू? मले कुठी जायाचं हाये?"

दोन दिवसांनी सांगितलं, "आज एक शीट होतं."

"कोण?"

"पाठमोरं होतं. शेवटच्या सीटवर, खिडकीपाशी. म्हातारा मानूस. मान ओयखीची वाटली." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "कोन हाये ते काही ध्यानात येऊन नाई राहिलं, पनू. उद्या इचारतो त्याले, कुठं चालला म्हनून."

"उद्या घराबाहेर पडायचं नाही. मी येते उद्याच."

"ये ना. पन बारानंतर ये. टायमाले मले फुरसत नाई राहत."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघणार होते. गाडीचा स्टार्टर बसला. मेकॅनिक अकराला येतो म्हणाला आणि आलाच नाही. साडेअकरापासून बाबांना फोन लावत होते, रिंग जात होती, उचलत नव्हते. करिश्मा कॉलेजला गेलेली. मी पिशवी खांद्याला लावून अंगणात उभी. रिक्षानं स्टँडवर जावं, बस धरावी, तरी दोन तास. काही केलं तरी दोन तास! इतकी वर्षं लोकांना अंतरं सांगितली, पण दोन तास म्हणजे काय असतं ते मला त्या अंगणात कळलं. रडू आलं सरळ.

अकरा चाळीस झाले. फोन आला नाही.

अकरा सत्तावन्नला आवाज आला. पश्चिमेकडून, रोजच्यासारखा. घरावर आला. आणि पुढं गेला नाही. तिथंच, डोक्यावर, हळूहळू बारीक होत थांबला. अंगणातल्या कडुनिंबाचं पानही हललं नाही.

फाटकाची कडी वाजली.

७

बाबा उभे होते. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, हातात कापडी पिशवी.

"आलो बा," ते म्हणाले.

मी पळत जाऊन त्यांच्या गळ्यातच पडले. शर्टाला त्यांच्याच साबणाचा वास होता. कसे आलात, कशानं आलात, काही विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, विचारायचंच नव्हतं. माझा बाप धडधाकट माझ्या दारात उभा होता.

ताट वाढलं. दोडक्याची भाजी होती. मला आठवतं तेव्हापासून बाबांनी दोडक्याला हात लावलेला नाही. ते खायला लागले. मी म्हणाले, वरण करू का दुसरं? "काहून? बेस झाली हाये." गोळी काढून दिली, घेतली. मंगळवारी डॉक्टरांकडं जाऊ म्हटलं, जाऊ म्हणाले. मग मी भीत भीत म्हणाले, "आता इथंच राहाल ना?"

"राह्यतो ना," ते म्हणाले. "तू म्हनशीन तसं."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. माझ्या बापानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. आईचं नाही, डेपो मॅनेजरचं नाही, डॉक्टरचं नाही. भांडण केल्याशिवाय चहाचा दुसरा कपसुद्धा घेतला नाही कधी. आणि हे समोर बसून माझ्याकडं पाहत होते, मी पुढं काय सांगते याची वाट बघत, शहाण्या पोरासारखे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं : बाबा.

त्यांचा फोन ताटाशेजारी पडला होता. तोच, कडेला तडा गेलेला. त्याचा दिवा बंद होता.

८

मी फोन घेऊन खिडकीपाशी गेले.

"पनू, पोचली का गाडी? टाइम सांग. भूक लागली मले."

मागं करिश्माच्या घरचा कुत्रा भुंकत होता. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही कुठं आहात?"

"घरी हावो, कुठी राहीन? फोन घरीच राह्यला होता, आता पाह्यले तुये कॉल. धा-बारा कॉल! पागल झाली का?" मग आवाज जरा उतरला. "आज बोललो त्या मानसाशी. खिडकीतूनच. म्हटलं, दादा, कुठी चालले? तर म्हने, पोरगी तीन वर्सापासून बोलावून राहिली, शेवटी जातो म्हटलं. मी म्हटलं, माही पोरगी बी बोलावते बाप्पा, पन मले नाई जमत. त्यानं मुंडी हालवली. म्हने, मालूम हाये."

माझ्या पाठीमागं जेवण थांबलं होतं. घास चावल्याचा आवाज येत नव्हता.

"लय चांगला मानूस होता," बाबा म्हणाले. "पोचला का तो? पोच दे ना."

मला इतकंच कळलं की ही पोच द्यायची नाही. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. पोच दिली की नोंद पुरी होते. पोचलं ते पोचलं, मग विचारायला कुणी उरत नाही.

"नाही आली, बाबा," मी म्हणाले. "आज कोणतीच गाडी नाही आली."

"असं कसं?"

"नाही आली. आणि ऐका. तुम्ही अकोल्यातच राहा. इकडं यायचं नाही. मी कधी बोलावलं तरी यायचं नाही, कळलं का? मीच येईन तिकडं."

"मंग नोंद खुली ठेवतो," ते म्हणाले. दुखावले होते, मला कळत होतं.

मी करिश्माला निरोप ठेवला, संध्याकाळी काकांना समोर बसवून जेवू घाल, नोंदीचं नाव काढलं तर माझ्या नावानं दोन शिव्या घाल. मग वळले. ताट रिकामं होतं. ते हात धुऊन पुसत होते.

"कोनाचा फोन होता?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसचा."

९

याला आज नऊ दिवस झाले. मधे एकदा गाडी दुरुस्त करून मी अकोल्याला जाऊन आले. बाबा घरी होते. मला पाहून भांडले, भाजीला नावं ठेवली, डॉक्टरकडं यायला साफ नाही म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसून मनसोक्त रडले. त्यांना वाटलं, प्रीतमशी काही झालं. रोज अकरा चाळीसला फोन करून विचारतात, पोचली का. मी रोज नाही म्हणते. करिश्मा रोज भांडून जेवू घालते.

आणि इथले, इथं आहेत. काही त्रास नाही. पहाटे उठतात, अंगण झाडतात, वाढेल ते खातात, सांगेल तिथं बसतात. अकरा सत्तावन्नला आता आवाज येत नाही. प्रीतम शनिवारी यायचा आहे, त्याला काय सांगावं ते अजून ठरत नाही. रात्री मी माझ्या खोलीला आतून कडी लावते. त्यांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येतो, बाबांचाच. ऐकत पडते. कधी कधी त्या आवाजानं झोप लागते, त्याची मला लाज वाटते.

आज दुपारी मी कामाला बसले होते. चौकटी भरत होते. ते मागं येऊन उभे राहिले, पाहत राहिले. फोन आल्यापासून मी त्यांना नावानं, नात्यानं, कशानंच हाक मारलेली नव्हती. ‘जेवायला या’, ‘इथं बसा’, एवढंच.

"पनू," ते म्हणाले, "अकोल्याले एकडाव जाऊन यावं म्हनतो. तिथं तो मानूस एकटाच राह्यते ना. किती येळ लागते?"

माझी बोटं कीबोर्डवर होती. किलोमीटर मला पाठ होते, मिनिटं पाठ होती.

"लय दूर आहे, बाबा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि जाऊन पलंगावर बसले.